आषाढाचा पूर आणि वैशाखाची विहीर

कोरोनाची साथ यापुढे जागतिक आणीबाणी मानण्याचे कारण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जाहीर केले. त्यालाही आता काही काळ लोटला आहे. साथीने किती माणसे नेली, इस्पितळे कोठे अपुरी पडली, शाळा इतका काळ बंद ठेवणे योग्य होते काय, या प्रश्नांचा ऊहापोह झाला आणि पुढेही होत राहील. तथापि साथीच्या जमाखर्चाचे एक पान फारसे वाचले गेलेले नाही. ते पान व्यापारउदिमाचे आहे. साथीमुळे बुडालेल्या धंद्यांची दुःखे आपण जवळून पाहिली. परंतु साथीमुळे जे धंदे अकल्पित वाढले आणि त्या वाढीच्याच ओझ्याखाली पुढे वाकले, त्यांची हकीकत अधिक बोधप्रद आहे. संकटाने माणूस बुडतो, हे सर्वांना समजते. भरभराटीने तो कसा बुडतो, हे मात्र मुद्दाम समजून घ्यावे लागते.

या धंद्यांना भविष्य कळले नाही, असा दोष त्यांच्यावर ठेवण्यात अर्थ नाही. भविष्य कोणालाच कळत नसते. त्यांची खरी चूक निराळी होती. असाधारण परिस्थितीत आलेल्या मागणीला त्यांनी मागणीची नवी पातळी मानले, आणि त्या समजुतीवर जो खर्च मागे घेता येत नाही असा खर्च केला. तोही बहुधा दुसऱ्याच्या पैशावर केला. ही चूक अर्थशास्त्राला अपरिचित नाही. मुंबईच्या बाजारपेठेला तर ती मुळीच अपरिचित नाही. म्हणूनच तिची चिकित्सा होणे आवश्यक आहे.

भरतीचे आकडे

प्रथम जगाकडे पाहू. मार्च २०२० पासून काही महिन्यांतच घर हीच कचेरी झाली, घर हाच वर्ग झाला आणि घर हीच व्यायामशाळा झाली. एका लॅपटॉपवर भागवणाऱ्या कुटुंबाला दोन-तीन लागू लागले. 'आयडीसी' या बाजारपेठेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये जगभर सुमारे २७ कोटी संगणक कारखान्यांतून बाजारात गेले होते. २०२१ मध्ये ही संख्या ३५ कोटींच्या घरात पोचली. २०२३ मध्ये ती पुन्हा २६ कोटींवर आली. चार वर्षांत एक संपूर्ण भरती-ओहोटी होऊन पाणी मूळ खुणेपाशी परतले, असे हे आकडे सांगतात.

ज्यांनी भरतीची रेषा हाच किनारा मानला, त्यांचे काय झाले? घरात बसून चालवायची व्यायामाची सायकल विकणाऱ्या 'पेलोटन' या अमेरिकन कंपनीने मे २०२१ मध्ये ओहायो राज्यात ४० कोटी डॉलरचा कारखाना उभारण्याचे जाहीर केले. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो बेत रद्द झाला, २,८०० कर्मचाऱ्यांना नारळ मिळाला आणि कंपनीच्या संस्थापकाला प्रमुखपद सोडावे लागले. 'ॲमेझॉन'ने दोन वर्षांत आपल्या गोदामांचे जाळे जवळजवळ दुप्पट केले. २०२२ मध्ये जागा आणि माणसे गरजेहून अधिक झाल्याची कबुली तिला द्यावी लागली, आणि जानेवारी २०२३ मध्ये सुमारे १८,००० जणांच्या नोकऱ्या कमी करण्याचा निर्णय जाहीर झाला. लहान दुकानदारांना इंटरनेटवर दुकान थाटून देणाऱ्या 'शॉपिफाय'चे प्रमुख टोबी ल्युटके यांनी जुलै २०२२ मध्ये आपल्या नोकरवर्गास कळवले की, दुकानातली खरेदी सोडून लोक कायमचे संगणकाकडे वळतील, पाच-दहा वर्षांचा पल्ला एकदम गाठला जाईल, अशी आपण पैज लावली होती आणि ती हुकली. त्या पत्राबरोबर दहा टक्के नोकऱ्या गेल्या. 'मेटा'चे मार्क झुकरबर्ग यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये ११,००० जणांना कमी करताना साधारण हेच कारण दिले.

हे लोक अडाणी नव्हते. जगातील उत्तमोत्तम विद्यापीठांतून शिकलेले विश्लेषक त्यांच्या पदरी होते. ग्राहकाने कोणत्या क्षणी काय पाहिले, याचीही नोंद त्यांच्यापाशी होती. म्हणजे माहितीची वाण हे या फसगतीचे कारण म्हणता येणार नाही. माहिती होती, तिचा अर्थ लावताना विवेक कमी पडला.

घराजवळची उदाहरणे

अमेरिकेची उदाहरणे देऊन थांबले, तर वाचक म्हणतील की हे परक्या देशाचे दुखणे आहे. दुर्दैवाने तसे नाही. मुंबईत २०१८ साली 'व्हाइटहॅट ज्युनिअर' ही लहान मुलांना घरबसल्या संगणकाची आज्ञावली लिहायला शिकवणारी कंपनी निघाली. शाळांना कुलपे लागली असताना, ऑगस्ट २०२० मध्ये, बंगळूरच्या 'बायजूज'ने ती ३० कोटी डॉलरना विकत घेतली. 'बायजूज'ने त्यानंतर एकामागून एक संस्था खरेदी केल्या आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये परदेशातून १२० कोटी डॉलरचे कर्ज उभारले. महाराष्ट्रातील शाळा ज्या दिवशी मोठ्या प्रमाणावर उघडू लागल्या, तो ४ ऑक्टोबर २०२१ हा दिवस या कर्जाच्या आधीचा आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मुले वर्गात परतत होती आणि ती परतणार नाहीत या भरवशावर कर्ज काढले जात होते.

पुढचा इतिहास ताजा आहे. २०२०-२१ हे या धंद्याचे सुगीचे वर्ष. त्या वर्षाचा हिशेब दीड वर्षाच्या विलंबाने प्रसिद्ध झाला, तेव्हा ४,५८८ कोटी रुपयांचा तोटा समोर आला. त्याच्या पुढील वर्षाचा तोटा ८,२४५ कोटींचा होता. जुलै २०२४ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू करण्याचा आदेश दिला. या पतनाला कारभारातील इतर दोषही कारण झाले, हे खरे. पण इतर दोष पोटात घालून घेण्याची सोय साथीच्या तेजीने केली होती, हेही तितकेच खरे. यातला उपरोध असा की, घरबसल्या शिक्षण हेच उद्याचे शिक्षण असे सांगणाऱ्या 'व्हाइटहॅट'नेच २०२२ च्या वसंतात आपल्या कर्मचाऱ्यांना कचेरीत हजर होण्यास फर्मावले, आणि आठशेहून अधिक जणांनी राजीनामे दिल्याच्या बातम्या आल्या.

दुसरे उदाहरण औषधांचे. मुंबईच्या 'फार्मईझी' या घरपोच औषधे पुरवणाऱ्या कंपनीने जून २०२१ मध्ये नवी मुंबईतील 'थायरोकेअर' या रक्ततपासणीच्या नामवंत कंपनीचे ६६ टक्के भाग ४,५४६ कोटी रुपयांना घेतले. दर भागाची किंमत पडली १,३०० रुपये. त्या वेळी दुसरी लाट नुकतीच ओसरत होती आणि तपासणी-केंद्रांपुढे रांगा लागलेल्या होत्या. परंतु त्या रांगांतली मोठी संख्या एकाच तपासणीसाठी उभी होती, आणि त्या तपासणीचा दर सरकार वरचेवर खाली आणत होते. मार्च २०२० मध्ये या चाचणीसाठी खाजगी प्रयोगशाळांना ४,५०० रुपयांपर्यंत आकारणी करण्याची मुभा होती. महाराष्ट्रात तो दर जून २०२० मध्ये २,२०० रुपये, ऑक्टोबरमध्ये ९८० रुपये आणि मार्च २०२१ च्या अखेरीस ५०० रुपये झाला. गिऱ्हाईक भीतीने आलेले आणि भाव उतरणीला लागलेला, असे असताना ही खरेदी झाली. २०२१-२२ मध्ये 'थायरोकेअर'चे उत्पन्न सुमारे ५८९ कोटी होते. पुढच्या वर्षी ते सुमारे ५२७ कोटींवर आले. २०२३ मध्ये तिचा भाग पाचशे रुपयांच्याही खाली गेला. स्वतः 'फार्मईझी'ने नोव्हेंबर २०२१ मध्ये ६,२५० कोटींची भागविक्री योजिली होती. ऑगस्ट २०२२ मध्ये ती मागे घेतली, आणि २०२३ मध्ये जुन्या किमतीच्या जवळजवळ नव्वद टक्के खाली भाग देऊन भांडवल उभे करण्याची पाळी तिच्यावर आली.

मुंबईला हे नवे नाही

ज्यांनी मुंबईचा इतिहास वाचला आहे, त्यांना या हकीकती ओळखीच्या वाटतील. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेतील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. त्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या. कापसाच्या भावाबरोबर मुंबईत पैशाचा पूर आला. त्या पैशातून बँका निघाल्या, विमा कंपन्या निघाल्या, समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. १८६४ मध्ये स्थापन झालेल्या बॅकबे कंपनीच्या पाच हजार रुपयांच्या भागाचा भाव पन्नास हजारांच्या घरात गेला. प्रेमचंद रायचंद हे त्या तेजीचे नायक होते. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध थांबले, कापूस घसरला आणि १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशी सारा डोलारा कोसळला. सरकारी पाठबळ असलेली बँक ऑफ बॉम्बेदेखील त्यात अखेर बुडाली. दिनशा वाच्छा यांनी १९१० साली या प्रकरणावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले.

युद्ध कधीतरी संपणार, हे १८६४ मध्येही कोणाला ठाऊक नव्हते काय? सर्वांना ठाऊक होते. साथ कधीतरी ओसरणार, हे २०२१ मध्येही सर्वांना ठाऊक होते. तरीही दोन्ही वेळा व्यवहार असे झाले की, जणू युद्ध आणि साथ हीच जगाची कायमची रीत आहे. तेजीच्या काळात सैल झालेली उसनवारी पुढे एकदम आवळली गेली. दख्खनच्या शेतकऱ्याभोवती कर्जाचा जो फास पडला, आणि मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून ज्या दंग्यांना तोंड फुटले, त्यांच्या अनेक कारणांत हेही एक कारण इतिहासकारांनी मानले आहे. मुंबईच्या रोखेबाजारात सुरू झालेला हिशेब दहा वर्षांनी सुप्याच्या आठवडेबाजारात चुकता झाला.

पहिल्या महायुद्धानंतर तेच घडले. १९१८ ते १९२२ या काळात मुंबईच्या कापडगिरण्यांनी अमाप नफा कमावला. अनेक गिरण्या फुगवलेल्या किमतींना विकल्या गेल्या आणि त्यांचे भांडवल कागदोपत्री वाढवण्यात आले. १९२३ मध्ये मंदी आली. कामगारांना १९१७ पासून मिळत आलेला बोनस बंद झाला आणि १९२४ मध्ये मोठा संप झाला. १९२५ मध्ये मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर झाली, त्यावर दुसरा संप झाला. मालकांनी सुगीत वाटून घेतलेला लाभांश परत आला नाही. मंदीची भरपाई मात्र मजुरीतून करण्याचा यत्न झाला.

चूक कशी होते

ही चूक पुन्हा पुन्हा होते, त्याअर्थी तिच्या मुळाशी व्यक्तीच्या हावेखेरीज आणखी काही असले पाहिजे. मला त्याची चार कारणे दिसतात.

पहिले कारण, आगाऊ खरेदी आणि जादा खरेदी यांतला फरक न ओळखणे. ज्या घराने २०२० मध्ये लॅपटॉप घेतला, ते एरवी कदाचित २०२२ मध्ये घेणार होते. त्याने दोन लॅपटॉप घेतले नाहीत. एकच, पण दोन वर्षे आधी घेतला. दुकानदाराच्या वहीत मात्र २०२० ची विक्री वाढलेली दिसते. ती वाढ २०२२ च्या पोटातून काढलेली आहे, हे त्या वहीत कोठेच लिहिलेले नसते. टिकाऊ वस्तूंच्या बाबतीत ही फसगत सर्वांत मोठी असते. कारण तांदूळ दरमहा संपतो, लॅपटॉप संपत नाही.

दुसरे कारण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रवेग तत्त्व या नावाने ठाऊक आहे. समजा, एका गावात शंभर माग आहेत आणि प्रत्येक माग दहा वर्षे टिकतो. म्हणजे दरवर्षी दहा जुने माग बदलावे लागतात. एका वर्षी कापडाची मागणी दहा टक्क्यांनी वाढली, तर त्या वर्षी दहा बदली आणि दहा नवे असे वीस माग लागतील. माग बनवणाऱ्याचा धंदा दुप्पट होईल. पुढच्या वर्षी कापडाची मागणी त्याच वाढलेल्या पातळीवर राहिली, ती मुळीच घटली नाही, तरीही माग पुन्हा दहाच लागतील. माग बनवणाऱ्याचा धंदा निम्मा होईल. ग्राहक कायम राहूनही कारखानदार बुडू शकतो, तो असा. मग ग्राहकच परत गेला, तर काय व्हावे?

तिसरे कारण, सक्तीला पसंती समजणे. बंद वर्गाबाहेरचे मूल पडद्यासमोर बसत होते, कारण त्याला दुसरी जागा नव्हती. आमच्या सिंधुदुर्गात तर नेटवर्कसाठी टेकडीवर झोपडी बांधून अभ्यास केल्याची उदाहरणे घडली. त्या झोपडीकडे पाहून विद्यार्थ्याच्या जिद्दीचे कौतुक करावे. टेकडीवरच्या शिक्षणाला मागणी आहे, असे अनुमान काढू नये. या कंपन्यांच्या हिशेबात हेच अनुमान निघाले. गिऱ्हाइकाने दार का ठोठावले, हे न विचारता किती वेळा ठोठावले, एवढेच त्यांनी मोजले.

चौथे कारण पैशाची स्वस्ताई. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२० पासून मे २०२२ पर्यंत अवघा चार टक्के होता. अमेरिकेत तर तो शून्याच्या जवळ होता. पैसा स्वस्त असला की संशय महाग वाटू लागतो. प्रतिस्पर्धी विस्तार करत असता जो थांबतो, त्याला भागधारक भित्रा म्हणतात. सर्वांबरोबर चुकणाऱ्याला क्षमा असते. एकट्याने सावध राहणाऱ्याला नसते. फेब्रुवारी २०२३ पर्यंत आपल्याकडील दर साडेसहा टक्क्यांवर गेला, तेव्हा स्वस्त पैशावर उभारलेले मनोरे प्रथमच आपल्या खऱ्या वजनाने पायावर बसले आणि पाया कच्चा असल्याचे दिसून आले.

याच संदर्भात मिल्टन फ्रीडमन यांनी १९५७ मध्ये मांडलेला विचार आठवतो. माणूस आपला खर्च तात्पुरत्या उत्पन्नावरून ठरवत नाही, कायमच्या उत्पन्नाच्या अंदाजावरून ठरवतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यावर वाद झाले, पण आपल्या अनुभवाशी ते बरेचसे जुळते. वेतन आयोगाची थकबाकी हातात पडली म्हणून कोणताही शहाणा कारकून त्या रकमेच्या हिशेबाने वीस वर्षांचा हप्ता बांधून घेत नाही. तो घराचे छप्पर शाकारतो, मुलीच्या लग्नासाठी चार पैसे बाजूला टाकतो आणि हप्ता पगाराच्या बेताने ठेवतो. कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्यांनी थकबाकीलाच पगार मानले, असे या साऱ्या प्रकरणाचे थोडक्यात वर्णन करता येईल.

मागाहून शहाणपण?

यावर असा आक्षेप येईल की, हे सारे मागाहून सुचलेले शहाणपण आहे. २०२० मध्ये काय टिकेल आणि काय जाईल, हे कोण सांगू शकत होते? आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. काही बदल खरोखरच टिकले. 'यूपीआय'ने होणारे व्यवहार मार्च २०२० मध्ये महिन्याला सुमारे १२५ कोटी होते. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी हजार कोटींचा टप्पा ओलांडला. मालवणच्या मासळी बाजारात आज सुट्या पैशांवरून होणारी हुज्जत कमी झाली आहे, ती त्यामुळेच. परंतु हा बदल का टिकला, ते पाहावे. नोटेला हात लावण्याची भीती गेली, तरी सुट्या पैशांची सोय उरली. सक्ती उठल्यावरही ज्यात ग्राहकाचा फायदा शिल्लक राहतो, ते टिकते. घरी बसून शिकण्यात बहुतेक मुलांचा आणि पालकांचा असा फायदा शिल्लक राहिला नाही. ही कसोटी २०२० मध्येही लावता आली असती. तिला भविष्यज्ञानाची गरज नव्हती.

शिवाय प्रत्येक जादा क्षमता ही चूक ठरत नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने कोविशील्डचे प्रचंड उत्पादन केले. मागणी ओसरताच डिसेंबर २०२१ पासून तिने ते थांबवले. सुमारे दहा कोटी मात्रा मुदत संपून वाया गेल्याचे अदर पूनावाला यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये सांगितले. या नासाडीला मी चूक म्हणणार नाही. आगीचा बंब वर्षभर उभा राहिला म्हणून कोणी नगरपालिकेला दोष देत नाही. लस कमी पडण्याची किंमत जिवांत मोजावी लागली असती. शिवाय ओहोटी दिसताच उत्पादन थांबवण्याचा निर्णय झाला, हेही महत्त्वाचे आहे.

साखर कारखान्यांचे उदाहरण याहूनही बोलके आहे. मार्च २०२० मध्ये हात निर्जंतुक करण्याच्या द्रावणाचा तुटवडा पडला. सरकारने ते अत्यावश्यक वस्तूंच्या यादीत घातले, २०० मिलिलिटरच्या बाटलीला शंभर रुपयांची मर्यादा घातली आणि साखर कारखान्यांना व आसवन्यांना ते बनवण्याची परवानगी दिली. आसवनी जागेवर होतीच, मद्यार्क तयार होत होताच. गरज होती तोवर बाटल्या भरल्या. गरज संपल्यावर तोच मद्यार्क पुन्हा आपल्या नेहमीच्या वाटेने, इंधनात मिसळण्यासाठी आणि उद्योगांसाठी, जाऊ लागला. तेजीचा लाभ घेण्यासाठी तेजीच्या मापाने घर बांधावेच लागते असे नाही. ज्याचे साधन दुसऱ्या कामी येते, तो ओहोटीतही उभा राहतो.

धामापूरचा तलाव

आमच्या धामापूरला एक जुना तलाव आहे. विजयनगरच्या काळात, १५३० साली, मांडलिक नागेश देसाई यांनी तो बांधला असे सांगतात. २०२० मध्ये, म्हणजे साथीच्याच वर्षी, आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन-वास्तूचा मान दिला. या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत पडतो. आषाढात जिकडे पाहावे तिकडे पाणी असते; वैशाखात कित्येक विहिरींचे तळ दिसतात. त्यामुळे कोकणातला शेतकरी आषाढातले पाणी पाहून वायंगणाचे क्षेत्र ठरवत नाही. पावसाळा सरल्यावर तलावात आणि विहिरीत काय उरेल, त्यावर दुसऱ्या भाताचा हिशेब होतो. पाणी सोडावे कसे आणि धरावे कसे, या दोन्हींची सोय तलावाला लागते. ज्या तळ्याला सांडवा नाही, ते पहिल्या मोठ्या पुरात फुटते. हा हिशेब चारशे-पाचशे वर्षे आमच्या गावाला ठाऊक आहे.

आणि तरीही, हा हिशेब शेतापुरता ठेवून धंद्यात विसरण्याचा मोह आम्हालाही होतो, म्हणून हे लिहिणे. टाळेबंदीत वाशीचा बाजार अडखळला, तेव्हा आमच्या भागातील आंबा बागायतदारांनी मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत थेट पेट्या पोचवल्या. ही उत्तम गोष्ट झाली. दलालाशिवाय विकता येते, हा आत्मविश्वास आला. पण त्या वर्षी सोसायटीच्या फाटकाशी दुसरा विक्रेता नव्हता, हे ध्यानात ठेवून ज्यांनी दर्जा आणि ओळख जपली, त्यांचा थेट धंदा राहिला. केवळ त्या वर्षाच्या पेट्या मोजून ज्यांनी गाड्या घेतल्या, त्यांच्या दारी हप्ते राहिले. टाळेबंदी उठल्यावर मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात पर्यटकांची रीघ लागली. दोन वर्षे कोंडलेली माणसे एकदम बाहेर पडली होती. त्या गर्दीच्या मापाने निवास-न्याहारीच्या खोल्या वाढवणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारावे की, हा पाहुणा दरवर्षी येणारा आहे, की कोंडमारा फुटल्यामुळे आलेला आहे? २०२० मध्ये मुंबईहून परतलेले चाकरमानी आता गावातच राहणार, घरे पुन्हा नांदती होणार, असे आपण किती उत्साहाने बोलत होतो! कचेऱ्या उघडल्या आणि बहुतेक जण कोकण रेल्वेने परत गेले. त्यांना राहण्यासाठी जे हवे होते, ते काम, दवाखाना, मुलांचे शिक्षण, यांपैकी साथीने काहीच आणले नव्हते.

भुर्दंड कोणाला?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. व्यापारात अंदाज चुकायचेच. ज्याने अंदाज बांधला, त्यानेच त्याची किंमत मोजली, तर समाजाला त्याची चिंता करण्याचे कारण नाही. परंतु येथे तसे घडत नाही. निर्णय एका खोलीत होतो आणि त्याची झळ दुसऱ्या खोलीत लागते. विस्ताराच्या काळात खेड्यापाड्यांतून आलेल्या पदवीधरांना भरमसाट पगारांवर भरती करण्यात आले, आणि दोन वर्षांत एका निरोपानिशी ते घरी आले. त्यांच्या पगारावर घेतलेली कर्जे मात्र घरी गेली नाहीत. शिकवण्यांच्या कंपन्यांनी पालकांना हप्त्यांवर अभ्यासक्रम विकले. भाग विकत घेणाऱ्यांत निवृत्तिवेतन गुंतवणारे होते. यांपैकी कोणीही साथ कायम राहील, अशी पैज लावली नव्हती.

म्हणून काही गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. असाधारण वर्षातील उत्पन्न आणि नेहमीच्या वर्षांतील उत्पन्न यांचा ताळा कंपन्यांनी वार्षिक अहवालात आणि भागविक्रीच्या पत्रकात स्वतंत्रपणे, ठळकपणे द्यावा. तेजीत केलेल्या भरतीच्या करारातच कपातीच्या वेळी काय देणार, हे लिहिलेले असावे. आणि ही तरतूद कंत्राटी शिक्षकालाही लागू असावी. तेजीच्या नफ्याचा काही भाग राखीव ठेवल्याखेरीज संचालकांनी आपला मोबदला वाढवून घेऊ नये. तलावाला सांडवा असावा, तशा या तरतुदी आहेत. त्यांनी पूर थांबणार नाही; बांध फुटणे मात्र टळेल.

आणि आपण, जे कंपन्या चालवत नाही, त्यांनी काय करावे? शिक्षकाने, कारकुनाने, विद्यार्थ्याने निदान चार प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. ही मागणी जादा आहे, की उद्याची आज आलेली आहे? सक्ती उठल्यावर गिऱ्हाईक येईल काय? उभारलेले साधन दुसऱ्या कामी लावता येईल काय? आणि अंदाज चुकला, तर पैसे कोणाचे जातील? भाग घेताना, कर्ज काढताना, 'आता याच क्षेत्राचे दिवस आहेत' असे ऐकून अभ्यासक्रम निवडताना, हेच प्रश्न उपयोगी पडतील. साथ संपली, तशी आजची तेजीही, मग ती कोणत्याही नव्या यंत्राची असो, कधीतरी आपल्या खऱ्या पातळीला येईल. त्या पातळीचा अंदाज बांधताना भरतीच्या दिवशी कोठवर पाणी आले होते, हे विसरू नये. पण घर बांधायचे ते ओहोटी पाहून.